गावची वही

विद्यार्थ्यांचे निबंध तपासताना एक गोष्ट वारंवार आमच्या लक्षात येते. 'माझे गाव' हा विषय दिला म्हणजे वर्गातील सर्व वह्यांतून एकच गाव उभे राहते. तेथे नदी झुळझुळ वाहते, शेते हिरवीगार असतात आणि लोक गुण्यागोविंदाने नांदतात. वहीवरील नाव झाकले, तर हा चुडाव्याचा विद्यार्थी की लिंबगावचा, हे आम्हांस सांगता येणार नाही. यात मुलांचा दोष थोडा, आमचा अधिक. कारण आपल्या गावाकडे डोळे उघडून पाहा, असे त्यांस आम्ही कधी सांगितलेच नाही.

वास्तविक पाहता चुडावा हे काही इतिहासाविना राहिलेले गाव नव्हे. पूर्णा आणि नांदेड यांच्या दरम्यान लोहमार्गावरचे हे स्थानक. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद हा मीटर मापाचा मार्ग निजामाच्या राज्यातून गेला, आणि बैलगाडीच्या चाकोरीने चालणारा हा मुलूख घड्याळाच्या काट्याशी बांधला गेला. शेजारचे पूर्णा त्यामुळे जंक्शन झाले. हिंगोलीकडे फाटा निघाला, इंजिनांची शेड आली, आणि ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, गँगमन अशा नाना जातिधर्मांच्या माणसांची वस्ती तेथे वाढली. पुढे रुळांमधील १ मीटरचे अंतर वाढून १ मीटर ६७६ मिलिमीटर झाले. २००८ मध्ये अकोल्याकडील मार्गही रुंद झाला. कोळशाची इंजिने गेली आणि ती चालविणारे हातही एकामागून एक विसावत आहेत. इंजिनात पाणी कसे भरीत, रात्री सिग्नलचा दिवा कोण लावी, पहिल्यांदा आगगाडी पाहून आलेल्या पणजीने घरी काय सांगितले, हे आज विचारले नाही, तर उद्या कोणास विचारावयाचे?

आणि केवळ आगगाडीच नव्हे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील निजामाची सत्ता संपली. त्या दिवशी जो मुलगा दहा वर्षांचा होता, तो आज नव्वदीकडे झुकला आहे. घरी मराठी आणि सरकारदरबारी उर्दू, असे दुहेरी आयुष्य जगलेली ही शेवटची पिढी होय. १९६० च्या दशकात पूर्णा नदीवर येलदरी व सिद्धेश्वर येथे धरणे झाली आणि कालव्यांनी या नदीकाठची शेती पालटली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून आणि सुकडी खाऊन ज्यांनी मुले जगविली, त्या माता अद्याप आपल्या ओसरीवर बसलेल्या आहेत. त्या बोलावयास तयार आहेत. विचारणारा मात्र कोणी नाही.

या कामी एका दूरच्या देशाचे उदाहरण आम्हांस फार उद्‌बोधक वाटते. आयर्लंड हा लहानसा, शेतकऱ्यांचा देश. तोही परसत्तेखाली राहिला. तेथेही राज्यकारभाराची भाषा वेगळी आणि पूर्वजांची भाषा वेगळी होती. १८४५ नंतरच्या भयंकर दुष्काळात तेथील सुमारे दहा लक्ष माणसे मेली आणि तितकीच देशोधडीस लागली. १९२२ मध्ये त्या देशाच्या मोठ्या भागास स्वराज्य मिळाल्यावर तेथील जाणत्यांच्या ध्यानात आले, की जुनी माणसे जात आहेत आणि त्यांच्याबरोबर गावांची स्मृतीही जात आहे. ती टिपून घेण्यास पंडितांची संख्या कोठून पुरणार? तेव्हा त्यांनी हे काम शाळेतील मुलांवर सोपविले. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील अकरा ते चौदा वर्षांची मुले नेहमीच्या निबंधाऐवजी आजीआजोबांना विचारून आलेली माहिती लिहू लागली. शिक्षकांस ५५ विषयांची एक पुस्तिका देण्यात आली होती. गावची विहीर, जुने रस्ते, बाजार, कारागिरी, घरगुती औषधे, पावसाची लक्षणे, दुष्काळाच्या आठवणी, असे ते साधे विषय होते. या मुलांच्या लेखनाची सुमारे सात लक्ष चाळीस हजार पृष्ठे जमली. ती आजही डब्लिन येथे जतन केलेली असून, आयर्लंडमधील एखाद्या लहानशा गावाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास अभ्यासकास या पोरवयाच्या लेखकांकडे जावे लागते.

हे पाहून कित्येक पालक म्हणतील, "मास्तर, हे सर्व ठीक, पण याने परीक्षेतील गुण वाढणार आहेत काय?" प्रश्न रास्त आहे. त्यास आमचे उत्तर आमच्या घरचेच आहे. आमची आजी गावकुसाबाहेरच्या वस्तीत वाढली. पिण्याचे पाणी कोठून आणावे लागे, आमच्या वडिलांचे बोट धरून त्यांस मिशनच्या शाळेत प्रथम कोणी नेले, हे तिला ठाऊक होते. आम्ही त्या वेळी परीक्षांच्या घाईत होतो. परीक्षा उत्तीर्ण झालो, पदवी मिळाली. आजी मात्र निघून गेली. ज्या गुणांसाठी आम्ही विचारावयाचे राहिलो, ते गुण आज आमच्याही स्मरणात नाहीत.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. गावचा इतिहास म्हणजे गावची स्तुती नव्हे. तो एकाच वाड्याच्या ओट्यावर बसून लिहिला, तर अर्धा लिहिला जाईल. ज्यांची विहीर होती त्यांस विचारा, आणि ज्यांना तिला शिवण्याची मनाई होती त्यांसही विचारा. रझाकारांच्या जुलमामुळे वऱ्हाडच्या हद्दीत पळालेल्या कुटुंबाची कथा लिहा. पोलिस कारवाईनंतर ज्या निरपराध मुसलमान घरांवर आपत्ती कोसळली, त्यांचीही लिहा. १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात दलितांची घरे जळाली, तेही दडवू नका. असे प्रश्न विचारताना वडील माणसांचे मन राखावे. कोणी गप्प बसल्यास आग्रह धरू नये. परंतु जखम झाकून ठेवल्याने भरत नाही, आणि ज्या गावाला आपले खरे ठाऊक नाही, त्या गावात गुण्यागोविंदाने नांदणे हे निबंधातच राहते.

जुन्या करारात यहोशवाची गोष्ट आहे. यार्देन नदी ओलांडताना त्याने नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणविले आणि ते गिलगाल येथे उभे केले. हेतू हा, की पुढे मुलांनी या धोंड्यांचा अर्थ विचारावा आणि बापांनी तो सांगावा. या कथेत आम्हांस एक गोष्ट विशेष वाटते. धोंडे आपण होऊन बोलत नाहीत. आधी मुलाने विचारावे लागते, आणि बापाला सांगण्यास सवड असावी लागते.

म्हणून आमची विनंती अशी. येत्या दिवाळीच्या सुटीत प्रत्येक विद्यार्थ्याने एक कोरी वही घ्यावी, घरातील अथवा शेजारच्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणावे. वर सांगणाऱ्याचे नाव, वय व तारीख असावी. शुद्धलेखनाची काळजी करू नये. ती आम्ही वाहू. या वह्या शाळेच्या ग्रंथालयात राहतील. पालकांनी त्या दिवशी मुलास इतर काम सांगू नये, एवढेच त्यांचे साहाय्य पुरे आहे. पुढल्या वर्षी 'माझे गाव' हा विषय आम्ही पुन्हा देऊ. त्या वेळी नाव झाकलेली वही वाचूनही ती चुडाव्याची आहे हे आम्हांस ओळखता यावे, एवढीच आमची इच्छा आहे.