थांबणे म्हणजे आळस नव्हे

'हे लोक प्रयत्नच करत नाहीत' हा टोमणा आपल्याला नवा नाही. त्यावर एका माशाचा पुरावा पाहा.

अमेरिकेतील जनेलिया संशोधन केंद्रात झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लांना असा आभास दिला गेला, की कितीही पोहले तरी पुढे सरकता येत नाही. लाइट-शीट सूक्ष्मदर्शकाने जिवंत मेंदूतील पेशींची हालचाल टिपली. 2019 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: न्यूरॉन फसलेला प्रयत्न कळवतात, ग्लिया पेशी त्यांची बेरीज करतात. बेरीज वाढली की पिल्लू थांबते. त्या पेशी निष्क्रिय केल्या, तर सहसा थांबत नाही.

म्हणजे थांबण्याआधी फसलेले प्रयत्न असतात. माशावरून माणसांचा समाज सिद्ध होत नाही, हे मान्य. पण मित्रांनो, टोमणा मारणाऱ्याला जरूर विचारा: आधीचे प्रयत्न मोजलेत का? वाट कोणी अडवली?