विश्लेषण : दोन तासांत संपणारा गेम ‘पैसा वसूल’ असतो का?

उड्या मारायच्या, काटे-खड्डे चुकवायचे आणि पुढे जायचे, हा प्लॅटफॉर्मर गेमचा साधा हिशेब. ‘सुपर मारिओ’ने तो जगभर पोहोचवला. गेल्या दीड दशकात मात्र या प्रकारातले लक्षात राहिलेले अनेक गेम अगदी छोट्या चमूंनी बनवले आहेत. त्यातले काही एका सुट्टीच्या दुपारीच संपतात. मग त्यासाठी पैसे का मोजायचे?

लहान असण्याचा फायदा काय?

एकांकिकेला कोणी ‘अर्धे नाटक’ म्हणत नाही. टेरी कॅव्हना यांचा २०१० मधला, नावात सलग सहा ‘व्ही’ असलेला गेम घ्या. यात उडी मारताच येत नाही. बटण दाबले की गुरुत्वाकर्षण उलटते आणि पात्र छताला जाऊन चिकटते. कल्पना एवढीच. प्रत्येक खोलीत तिचा नवा वापर होतो आणि ती शिळी व्हायच्या आत गेम संपतो. २०२० मध्ये त्याचा सोर्स कोड खुला झाला, तेव्हा त्यातले अवाढव्य ‘स्विच-केस’ पाहून प्रोग्रामर मंडळींना हसू आवरेना. इंजिनीअरिंगच्या प्रॅक्टिकलला असा कोड दाखवला असता तर जर्नलवर सही मिळाली नसती! पण गेम झकास चालतो.

‘सेलेस्ट’चे पहिले रूप तर पिको-८ या छोट्या प्रणालीवर चार दिवसांत तयार झाले होते. २०१८ च्या मोठ्या आवृत्तीत एक छुपी सवलत आहे. कडेवरून पाय सुटल्यानंतरही सेकंदाच्या छोट्याशा अंशापुरती तुमची उडी ग्राह्य धरली जाते. याला ‘कायोटी टाइम’ म्हणतात. खेळणाऱ्याला ती जाणवत नाही, पण ती नसेल तर ‘मी बटण दाबले होते’ अशी चिडचिड होते. अनेक हौशी प्लॅटफॉर्मर नेमके इथेच फसतात. चित्रे सुंदर असतात, उडी मात्र दगडासारखी.

मग खटकते कुठे?

डेन्मार्कच्या प्लेडेडचा ‘लिंबो’ नावाजला गेला आणि त्याची काळीकरडी दुनिया विसरता येत नाही. पण त्यातले कित्येक सापळे एकदा मरूनच कळतात. ही हुशारीची परीक्षा नव्हे. शिवाय कोड्यांची उत्तरे कळली की दुसऱ्यांदा खेळण्यात फारसे उरत नाही. फोनवर अडचण वेगळीच. काचेवर खरी बटणे नसल्याने बोट नकळत सरकते. ‘लिंबो’ने पडद्यावरची बटणेच काढून स्वाइपवर काम भागवले, पण क्षणाक्षणाचा हिशेब असलेल्या गेमला ते पुरत नाही.

रिफंडचा प्रश्न काय आहे?

स्टीमवर २०१५ पासून नियम आहे : खरेदीला १४ दिवस झाले नसतील आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल, तर पैसे परत. ग्राहकासाठी उत्तमच. पण दीड तासाचा गेम पूर्ण खेळूनही पैसे मागता येतात. ‘समर ऑफ ५८’ हा प्लॅटफॉर्मर नव्हे, छोटा भयगेम. २०२१ मध्ये त्याच्या निर्मात्याने अशाच रिफंडना कंटाळून गेम बनवणे अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचे जाहीर केले. ही मर्यादा गेमच्या लांबीच्या प्रमाणात ठेवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नसावे. ते होत नाही तोवर, घड्याळाचा काटा दोन तासांपुढे ढकलण्यासाठी चांगल्या गेममध्ये पाणी घालण्याचा मोह निर्मात्यांना होत राहणार.