रझाकार कोठून आले?

दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, शाळेत झेंडावंदन होते. एखादे पोर हटकून विचारते, "गुरुजी, रझाकार म्हणजे कोण हो?" आम्ही मास्तर मंडळी सांगून मोकळे होतो, "राक्षस होते ते!" हे उत्तर खोटे आहे, आणि खोटे म्हणूनच घातक आहे.

राक्षस पाताळातून येतात. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील. आणि लातूर तेव्हा आमच्याच उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात होते. १९२७ साली निघालेली इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना १९४६ मध्ये त्याच्या हाती आली. निजामाला भारतात विलीन व्हायचे नव्हते. पोलिसाला गणवेशात जे करणे शोभत नाही, ते करणारे हात गादीला हवेच होते. इकडे राज्य गेले तर नोकरी जाईल, मान जाईल, ही धास्ती कित्येक घरांत होती. धास्तीला पुढारी मिळाला, पुढाऱ्याला बंदुका मिळाल्या, आणि गुन्ह्याला शिक्षा नाही हे सर्वांना कळून चुकले. टोळी उभी राहायला आणखी काय लागते?

ती टिकली, कारण बोलणाऱ्याचे तोंड बंद झाले. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्लाखान स्वतः मुसलमान. त्यांनी विलीनीकरणाची बाजू मांडली, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. पुढच्याच महिन्यात, १३ तारखेला, फौज नळदुर्गच्या वाटेने आत शिरली. १७ तारखेला निजाम शरण आला. पाच दिवस! गादीचा आधार तुटला आणि टोळी कोसळली.

गोष्ट येथेच संपविण्याची आम्हांला खोड आहे. पण पंडित सुंदरलाल समितीने पोलीस कारवाईच्या वेळी व नंतर राज्यभर किमान २७ ते ४० हजार माणसे दगावल्याचा अंदाज दिला. मेलेले बहुतेक मुसलमान. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत आमचा उस्मानाबाद होता. त्यांतल्या कितीकांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता! एकदा 'राक्षस' म्हटले की माणसाला नावगाव विचारावे लागत नाही. आणि अशा सुडातूनच उद्याच्या टोळीला भरती मिळते.

सणासुदीला हे कशाला, असे कोणी म्हणेल. पोरे ऐकायला घरी असतात ती सणालाच, म्हणून! यंदा फराळाच्या ताटावर कोणी विचारलेच, तर त्याला खरे उत्तर द्या.