खुराड्याबाहेरील अंड्यांच्या पेट्या आणि पाऊस

आमच्या जालना जिल्ह्यांत वर्षाकांठीं पाऊस सुमारें ६५० ते ७०० मिलिमीटर, तोही लहरी. त्यामुळें पाण्याची वाट पाहण्यांतच आम्हां शेतकऱ्यांचा जन्म जातो. पाण्यापासून कांहीं राखावें ही बुद्धि सहसा सुचत नाहीं. परंतु जो थोडा पाऊस येतो तो अंड्यांच्या पेटींत मात्र नेमका शिरतो. मोसंबी व कपाशी सोडून हा क्षुद्र विषय कशास, असें कोणी सभासद म्हणतील. ज्या घरीं बाजारहाटाचा पैसा अंड्यांतून निघतो, त्या घरच्या बायांस त्यांनीं विचारून पाहावें.

पूर्वीं चार गांवठी कोंबड्या ओसरीवरच्या डालग्याखालीं झांकल्या कीं काम भागे. आतां हैदराबादेकडील वनराजा, बंगळूरकडील गिरिराज अशा सुधारलेल्या जाती परसांत आल्या, पक्षी वीस-तीस झाले, आणि खुराड्याच्या भिंतीस बाहेरून पेट्या लावण्याची चाल पडली. चाल चांगली आहे. चार-पांच कोंबड्यांस हातभर जागेची एक पेटी पुरते, आंतली जागा मोकळी राहते, आणि झांकण उचलून उभ्या-उभ्या अंडीं काढतां येतात. पेटी आंतच ठेवा म्हणजे भिजण्याचा प्रश्नच नाहीं, असें आमचे कांहीं मित्र म्हणतात. पहांटे कमरेंत वांकून, विष्ठेंत पाय घालून अंडीं त्यांनीं स्वतः आठवडाभर काढावीं, मग मत द्यावें.

आमचीच फजिती सांगतों. दोन वर्षांमागें आषाढांत गृहमंडळींनीं एका खुडूक गांवठी कोंबडीखालीं तेरा अंडीं ठेविलीं. (सुधारलेली कोंबडी फारशी खुडूक बसत नाहीं, उबवण्यास गांवठीच लागते.) पेटी गळते असें दिसतांच आम्हीं खताच्या गोण्यांचे प्लास्टिक तिच्याभोंवतीं घट्ट आवळलें आणि समाधान मानलें. एकविसावा दिवस गेला, बाविसावा गेला. पिलूं एकही नाहीं. अंडीं फोडलीं तों दुर्गंधि, आणि खालच्या भुशावर पांढरी बुरशी. झांकण व भिंत यांमधील फटींतून पाणी आंत उतरत होतें, आणि आमच्या प्लास्टिकनें तें बाहेर जाऊं दिलें नव्हतें. त्या पिलांचा पैसा नातीच्या शाळेच्या गणवेशासाठीं योजिलेला होता. गृहमंडळी कांहीं बोलल्या नाहींत. त्यामुळें आम्ही अधिकच ओशाळलों.

आमची नोकरी महसुलांत कारकुनी करण्यांत गेली. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चांत मराठवाड्यावर गारा पडल्या तेव्हां पंचनाम्यांचे कागद आम्हींही लिहिले. मेलेली कोंबडी कागदावर येते. नासलेल्या अंड्यास रकाना नाहीं. सबब हें नुकसान ज्याचें त्यानेंच थांबवावें लागतें.

आमचें स्पष्ट मत असें कीं, पेटी गुंडाळणें हा उपाय नव्हे. पाण्यास उतार देणें हा उपाय. दोष बहुधा लांकडाचा नसतो, जोडाचा असतो. वरच्या भिंतीचा पत्रा झांकणावर आला पाहिजे. झांकणाचा पत्रा भिंतीवर ठोकला तर पाणी फटींतच वळतें. बिजागरीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घालावी व तिची वरची कड भिंतीच्या फळीखालीं दाबून घ्यावी, म्हणजे झांकण उघडतें आणि पाणीही ओघळून जातें. उतार फुटास तीन इंच तरी असावा. पत्रा पुढें व दोन्ही बाजूंस चार बोटें बाहेर काढावा, आणि खिळा पन्हळी पत्र्याच्या उंचवट्यावर मारावा, खोलगटांत कदापि नाहीं. पावसाळी झोत आपल्याकडे मुख्यतः पश्चिमेकडून येतो. पेट्यांचें तोंड पूर्वेस असावें.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. वळचणीखालीं बाजूस बोटभर फट ठेवून तिला बारीक जाळी मारावी. कोंबडीच्या श्वासाची व विष्ठेची ओल बाहेर गेली नाहीं तर पाऊस नसतांही भुसा कुबट होतो. अंड्याच्या कवचास हजारों सूक्ष्म छिद्रें असतात. ओलें अंडें थंड होतांना आंतला भाग आक्रसतो आणि बाहेरचें घाण पाणी जंतूंसह आंत ओढलें जातें. मग तें अंडें वरून कितीही पुसा. उन्हाळ्यांत हाच पत्रा तापून पेटीची भट्टी होते; त्यास चुना द्यावा किंवा वर कडब्याच्या दोन पेंढ्या टाकाव्या.

पक्षी वांटण्याच्या योजना पुष्कळ निघतात. पेटी कशी असावी हें दाखविणारा आम्हांस अद्याप भेटला नाहीं. आपल्या संस्थेनें एक नमुन्याचें खुराडें बांधून सभासदांच्या घरच्या स्त्रियांस आधीं दाखवावें, अशी आमची सूचना आहे. पुरुषांस मागाहून दाखविलें तरी चालेल.

परीक्षेची एक सोपी रीत आहे. मृगापूर्वीं पेटींत कोरडी राख पसरून झांकण लावावें आणि जोडावर दोन बादल्या पाणी हळूहळू ओतावें. राख जेथें काळी पडेल तेथें फट. आम्हीं यंदां तसें केलें. डावा कोपरा ओला निघाला; तो डांबर लावून बुजविला आणि पुन्हां पाणी ओतलें. गृहमंडळींनीं स्वतः हात घालून राख चांचपली, आणि मगच कोंबडीखालीं अंडीं ठेविलीं.