गाडीला रेनकोट घाला, पण आंघोळीनंतर!

ईएमआयवर घेतलेली पहिली गाडी म्हणजे जीव की प्राण! मग मॉलमध्ये एखादी चकाचक बाटली दिसते, 'स्प्रे सीलंट, सहा महिने संरक्षण' असं वाचलं की हात आपोआप पाकिटाकडे जातो. घ्या की, बिनधास्त घ्या. फक्त एक लक्षात ठेवा : सीलंट जे खाली असेल तेच सील करतं. खाली धूळ असेल, तर धूळसुद्धा!

गाडीच्या रंगावर सगळ्यात वर असतो पारदर्शक क्लिअर कोट. जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे फार तर केसाइतकी. ऊन, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, टँकरचं खारं पाणी, सगळ्यांचा मार हा बिचारा एकटा झेलतो. सीलंट त्यावर एक पातळ, निसरडा थर चढवतं. घाण घट्ट बसत नाही आणि ती पुसायला तुम्हाला थोडा वेळ मिळतो. ओरखडे मात्र सीलंटने थांबत नाहीत.

कुठलं घ्यायचं? कार्नोबा वॅक्सचे स्प्रे मस्त चमक देतात, पण टिकतात काही आठवडेच. पॉलिमरवाले त्याहून जास्त. सिलिका असलेले 'सिरॅमिक' स्प्रे यात सहसा सगळ्यात टिकाऊ. पण स्टुडिओत करतात त्या सिरॅमिक कोटिंगची अपेक्षा त्यांच्याकडून नको. गाडी दिवसभर उन्हात उभी असेल तर सिलिकावाला घ्या, बेसमेंट पार्किंग असेल तर वॅक्सही चालेल. आणि बाटलीवरचे 'सहा महिने' आपल्या उन्हा-पावसात पूर्ण भरतीलच असं नाही, हेही धरून चाला.

आता रविवारची सकाळ. कार शाम्पूने गाडी धुऊन कोरडी करा. हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून अलगद फिरवा. खरखरीत लागलं, तर आधी क्ले बार. मग सावलीत, पत्रा गार असताना, एका वेळी एकच भाग घ्या. दोन-तीन फवारे पुरेत! एका मायक्रोफायबरने पसरवा, दुसऱ्या कोरड्याने लगेच पुसा. जास्त मारलं की जास्त टिकतं, हा गैरसमज. उलट डाग राहतात.

एक सक्त ताकीद : अलॉय व्हीलवर थेट फवारू नका. ब्रेक डिस्कवर उडालं तर ब्रेक नीट लागणार नाहीत. तिथे आधी फडक्यावर घ्या, मग पुसा. समोरच्या काचेपासूनही लांबच; वायपर फिरले की काच धूसर होते.

इतकं करून सगळ्यावर पाणी कसं फिरतं माहितेय? रोज सकाळी सोसायटीत गाड्या पुसणारे दादा येतात. बादली एक, फडकं एक, गाड्या पंचवीस! आधीच्या गाडीची माती तुमच्या बॉनेटवर घासली जाते आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसू लागतात. दादांशी हुज्जत नको. त्यांना तुमच्या गाडीसाठी वेगळी दोन मायक्रोफायबर फडकी द्या आणि सांगा, 'दादा, कोरडं पुसू नका, आधी पाणी मारा.' वाटल्यास रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदाच नीट धुवायला सांगा.

धुतल्यावर पाण्याचे टपोरे थेंब दिसले की आपण खूश! पण खाऱ्या पाण्याचे तेच थेंब उन्हात वाळले की पांढरे ठिपके पडतात. म्हणून थेंबांचा फोटो काढा आणि लगेच पुसा. नुकत्याच धुतलेल्या गाडीवर थेंब न होता पाणी सपाट पसरायला लागलं, की समजा थर संपत आलाय. मेअखेरीस पावसाआधी एक हात आणि दसऱ्याला हार घालण्याआधी दुसरा, एवढं तरी कराच!