बदली म्हणजे न्याय नव्हे!



मी भाईंदरचा. पोलीस ठाण्यातला बाक मला घरच्या ओट्यासारखा ओळखीचा झालाय. वस्तीतल्या कुणाची तरी तक्रार घेऊन जायचं आणि तेच ते ऐकायचं : साहेब राउंडला गेलेत. उद्या या. एनसी घेतो. ॲट्रॉसिटी कशाला लावता, मिटवून टाका की!

१ ऑक्टोबर २०२० ला मीरा-भाईंदर, वसई-विरारसाठी वेगळं पोलीस आयुक्तालय झालं. पाटी बदलली. बाक तोच.

आता जुलै २०२५ आठवा. ८ तारखेचा मीरा रोडचा मराठीचा मोर्चा. व्यापाऱ्यांचा मोर्चा आधी सुखरूप निघाला होता. या मोर्चाला मात्र परवानगी नाकारली, पहाटेपासून कार्यकर्ते उचलले. राज्यभर बोंब झाली आणि लगेच आयुक्तांची बदली! लोक खूष. म्हणे, न्याय झाला! कसला डोंबलाचा न्याय? हुकूम कुणाचा, चूक कुणाची, याचा हिशेब कुणी दिला? माणूस या खुर्चीवरून त्या खुर्चीवर गेला, एवढंच. बदली ही खात्याची जुनी झाडू आहे. कचरा घरातच राहतो, फक्त कोपरा बदलतो.

आणि बदली तरी कुणाच्या बोंबेवर होते, तेही बघा. त्याच जुलैत परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशीची आई कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होती. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले, धरपकड झाली. त्यात कायदा शिकणारा हा पोरगा पकडला गेला. १५ डिसेंबरला कोठडीतच मेला. पोलिसांवर साधा गुन्हा नोंदवायला ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाला हुकूम द्यावा लागला. सरकारनं काय करावं? हुकूम अडवायला थेट सुप्रीम कोर्ट गाठलं! ३० जुलैला तिथं सरकारचं ऐकलं गेलं नाही. मीरा रोडला फाईल पळाली, परभणीत त्याच सरकारनं तिचे पाय धरले. साडेसात महिने! तेही फक्त गुन्हा नोंदवण्यासाठी. शिक्षा तर लांबच.

कायदा नाही असं नाही. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ४ म्हणतं : कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या सरकारी नोकराला सहा महिने ते एक वर्ष कैद. तक्रार लिहून घे, सहीआधी वाचून दाखव, नक्कल दे, हीसुद्धा त्याची कर्तव्यंच. पण मेख बघा. त्याच्यावर आरोप ठेवायचा तर आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. म्हणजे खाकीनं केलं की नाही, ते साहेबलोकच ठरवणार. चोरानं चोरीचा पंचनामा करायचा, आणि आपण सही करायची!

म्हणून दोस्तांनो, कुणाची बदली झाली की फटाके फोडू नका. बदली मागूच नका. बाकावरून उठताना तक्रारीची नक्कल मागा. दिली नाही तर कलम ४ खाली चौकशी मागा. तोंडी नको, लेखी. पोच घ्या. तारीख टाका. पोच जपून ठेवा, वस्तीवस्तीतल्या पोचा एकत्र करा. बाबासाहेबांनी आपल्या हातात काठी नाही, पेन दिलंय. खाकीला तेच झोंबतं.

जयभीम!