मेथीतली कचकच

गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारची गोष्ट. रात्री साडेनऊला ऑफिसातून आले, बॅग सोफ्यावर फेकली, जेवायला बसले. पहिला घास घेतला आणि दाताखाली कच्‌कन आवाज! मेथीत माती.

तशी मी शांत बाई आहे (असं निदान माझ्या टीमला वाटतं). पण त्या दिवशी क्लायंटने आधीच डोकं खाल्लेलं. बोलून गेले, "आई, मेथी धुतली नव्हती का हो?"

बस्स! मेथीतली कचकच ताटातून निघाली ती थेट घरात शिरली. "तीन पाण्यांनी धुतलीये. चाळीस वर्षं निवडतेय मी भाज्या," सासूबाई म्हणाल्या. नवरोबांनी अशा वेळी नेहमी करतात तेच केलं, ताटात मान घातली.

आमच्या घरची सिस्टिम सांगते. रविवारी नवरा मंडईतून भाजी आणतो, मधेच काही संपलं तर अॅपवरून मागवतो. निवडणं, धुणं, पुसून डब्यांत भरणं हे खातं आईंचं. मी फ्रिज उघडायचा, डबा काढायचा, फोडणी घालायची. माझ्या मैत्रिणी यावर जळतात. आणि खरं सांगू? ते डबे भरतात कसे, हे लग्नाला नऊ वर्षं होऊनही मी कधी विचारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात फ्लॉवरच्या रश्श्यात अळी निघाली. त्यापाठोपाठ चिरंजीवांना चार दिवस जुलाब. डॉक्टरांनी बाकीच्या प्रश्नांसोबत विचारलं, "वरून कच्ची कोथिंबीर घालता ना? काकडी, टोमॅटो नीट धुतलेले असतात?" नेमकं कशामुळे झालं ते सांगता येणार नाही, शाळेतलं पाणीही असू शकतं, असं ते दोनदा म्हणाले. पण मला काय, आरोपी सापडला होता!

मग मी ऑफिसच्या प्रोजेक्टसारखी या विषयाच्या मागे लागले. अॅपच्या कार्टमध्ये भाज्या धुवायचं एक महागडं लिक्विड आणि एक मशीन टाकून ठेवलं आणि वाचायला बसले. वाचता वाचता कार्ट रिकामी होत गेली.

कोव्हिडच्या दिवसांत आपण भेंड्यांना साबण लावून आंघोळी घातल्या होत्या, आठवतंय? त्याच २०२० साली आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने म्हणजे 'एफएसएसएआय'ने सांगितलं होतं, की भाज्या-फळांना साबण, जंतुनाशकं लावू नका, पिण्यायोग्य स्वच्छ पाण्याने धुवा. भाज्यांच्या सालीला बारीक छिद्रं असतात, साबण आत मुरतो आणि मग तो आपल्याच पोटात. वाहतं पाणी आणि बोटांनी चोळणं, बहुतेक काम यातच होतं.

आणि फवारणी? २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर एक प्रयोग झाला होता. एक टक्का खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात, म्हणजे लिटरला साधारण दहा ग्रॅम, बारा ते पंधरा मिनिटं ठेवल्यावर सालीवरची दोन्ही औषधं नुसत्या पाण्यापेक्षा चांगली निघाली. पण औषधांचा जो भाग सालीच्या आत शिरला होता, तो काही निघाला नाही. तेव्हा सोडा वापरा, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. मुळांतून भाजीत शिरलेलं तर कुठल्याच पाण्याने धुतलं जात नाही. मुंबईत वाढल्यामुळे रुळांच्या कडेला, नाल्याच्या पाण्यावर तरारलेला पालक मी लोकलच्या खिडकीतून भरपूर पाहिलाय. तो कितीही धुतला असता तरी काय!

आणखी एक धक्का म्हणजे आपलं लाडकं डाएट सॅलड. कच्चे मोड! मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते, आणि धुऊन ते पुरते जात नाहीत. २०११ साली जर्मनीत अशाच कच्च्या मोडांतून ई. कोलायची साथ पसरली, पन्नासच्या वर माणसं दगावली. ते मोड कसले होते? मेथीचे! आमच्याकडे आता मटकी वाफवल्याशिवाय ताटात येत नाही. लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई घरात असेल तर तुम्हीही हे कराच.

तर एवढी तयारी करून शनिवारी सकाळी मी आईंपुढे बसले. बोलणार होते, "मी शिकवते." तोंडातून निघालं, "मला दाखवा ना, तुम्ही कसं करता ते." (नवऱ्याने आदल्या रात्री पढवलं होतं.)

त्या खूश झाल्या. जमिनीवर पेपर पसरला, मेथीची जुडी सोडली, पानं खुडली. मोठं पातेलं भरून पाणी घेतलं, पाला बुडवला, हाताने हलवला आणि मी पातेलं उचलायला गेले तर हातावर चापट! "ओतायचं नाही गं. पाला वरून उचलायचा. ओतलंस की तळाची माती परत पाल्यावरच बसते." इतकी साधी गोष्ट, मला कुठल्याही लेखात सापडली नव्हती. पाला उचलला, पाणी बदललं, पुन्हा बुडवला. तिसऱ्या पाण्यानंतर त्यांनी पातेलं माझ्यापुढे तिरकं केलं. "तळाशी माती दिसेनाशी झाली की झालं. हे बघ, स्वच्छ."

तळाशी तपकिरी रेतीचा चांगला थर होता.

मला वाटलं, चेष्टा करतायत. वर बघितलं तर त्या शांतपणे पातेल्यात बघत होत्या. "काय दिसतंय, आई?" "तळ दिसतोय. दुसरं काय दिसणार?"

मग एकेक आठवायला लागलं. वर्षभर त्या म्हणत होत्या, की हल्ली पेपरची छपाई फिकी झालीये. मी "हो ना!" म्हणत होते. सुईत दोरा ओवायला नातवाला हाक. स्वयंपाकघरातली ट्यूब बदलायचा लकडा. आम्ही ट्यूब बदलली होती. दोनदा.

तेव्हा काही बोलले नाही. "अजून एक पाणी घेऊ या," म्हणून पातेलं सिंककडे नेलं आणि नळ मोठा सोडून थोडा वेळ तिथेच उभी राहिले.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, उजव्यात बराच वाढलेला. "कधीपासून कमी दिसतंय?" डॉक्टरांनी विचारलं. "झालं असेल वर्ष." नवरा म्हणाला, "आई, सांगायचं तरी!" तर म्हणे, "तुम्हाला सुट्ट्या कुठे असतात रे?"

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि भाजीखातं आमच्याकडे आलं. पहिल्याच शनिवारी एक जुडी मेथी निवडायला नवऱ्याला चाळीस मिनिटं लागली आणि शिजल्यावर ती वाटीभर झाली, तेव्हा तो अक्षरशः हळहळला. आम्ही बरंच शिकलो. धुवायचं ते चिरायच्या आधी, नाहीतर जीवनसत्त्वं पाण्याबरोबर सिंकमध्ये आणि सालीवरची घाण सुरीबरोबर आत. कलिंगडही आधी बाहेरून धुवायचं. भेंडी धुऊन कोरडी पुसल्याशिवाय सुरी लावायची नाही, नाहीतर सगळी चिकट. कोथिंबीर धुऊन ठेवली तर कुजते. मुळं कापून पंच्यात गुंडाळायची आणि लागेल तेवढीच धुवायची. फ्लॉवरचे तुरे सुटे करून कोमट मिठाच्या पाण्यात ठेवायचे, अळ्या वर येतात.

गेल्या रविवारी आईंचा काळा चष्मा उतरला आणि त्या स्वयंपाकघरात आल्या. आधी ओट्याच्या टाइल्सकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग चाळणीत निथळत ठेवलेल्या फ्लॉवरकडे. एक तुरा उचलला, उजेडात धरला आणि दोन बोटांनी एक हिरवी अळी काढून ओट्यावर ठेवली.

"हा कुणी धुतला?"

नवऱ्याने ताटात मान घातली.